हुलसूरची टाकी : पहाटेपर्यंतचे पंधरा तास

बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरला थोरल्या बंधूंच्या घरी पुतण्यानं ही टाकी उभी केली होती. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. माती-दगडांची जागा वजा जाता आत दीडशे-एकशे साठ लिटर पाणी. पाणवनस्पतींनी गच्च भरलेली. एका मे महिन्यातल्या रात्री ती गेली. कधी काय झालं ते आम्ही नंतर बसून जुळवलं. ज्या वेळी खोलीत कुणीच नव्हतं, त्या वेळचे आकडे हिशेबानं काढलेले आहेत. ते अंदाजाचेच समजावेत.

दुपारी ३. पंधरा तास आधी

खोलीत ३८ अंश, टाकीच्या पाण्यात ३१. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागं ९ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन विरघळतो, ३१ अंशांना साडेसातच्या आत. त्यात आमचा भाग समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास उंच, हवेचा दाब कमी, म्हणून आणखी थोडी काटछाट. धरून चालू, लिटरला ७ मिलिग्रॅम. म्हणजे अख्ख्या टाकीत मिळून ऑक्सिजन किती? सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. तेवढ्याच जागेत नुसती हवा भरली असती तर तिच्यात चाळीसेक ग्रॅम असता. मासे पाळणाऱ्यानं हा एक आकडा मनात कोरून ठेवावा. पाण्यातली शिल्लक कायम इतकीच तुटपुंजी असते.

याच वेळी पुतण्यानं वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड (सीओटू) पुरवणाऱ्या साखरेच्या बाटल्या बदलल्या. सीओटूचा सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड हा पुण्या-हैदराबादचा सरंजाम. इकडं सिलिंडर भरून आणायचा म्हटलं तरी गाव सोडावं लागतं. म्हणून त्यानं दोन लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत २०० ग्रॅम साखर, पाव चमचा यीस्ट, कोमट पाणी, आणि घट्ट झाकणातून निघालेली नळी थेट टाकीत. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल बनवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. २०० ग्रॅम साखरेतून शंभर ग्रॅमच्या आसपास वायू निघतो. हिवाळ्यात एक बाटली दोन-तीन आठवडे पुरते. मे महिन्याच्या उन्हाळ्यात यीस्टला इतका जोर येतो, की तोच वायू थोड्या दिवसांत बाहेर पडतो. बुडबुडे दुप्पट वेगानं येत होते. पुतण्याला बरंच वाटलं.

बरं वाटायला कारण होतं. मागच्या पावसाळ्यात टाकीत काळं शेवाळ माजलं होतं, पानांच्या कडांना दाढीसारखं लोंबणारं. कार्बन डायऑक्साइड आज जास्त, उद्या कमी असं झालं की वनस्पतींची वाढ अडखळते आणि हे शेवाळ डोकं वर काढतं. दिवे जास्त, खत जास्त आणि वायू कमी, तरीही तेच. वनस्पती जोमात असल्या की शेवाळाला हातपाय पसरायला वाव राहत नाही. हे सगळं त्यानं नीट शिकून घेतलं होतं. बिदरच्या पठाराचा जांभा फोडून, चाळून, धुऊन त्यानं वाळूखाली घातला होता. १९८० च्या दशकात डुप्ला नावाची जर्मन कंपनी पाणवनस्पतींना लोह मिळावं म्हणून हाच जांभा डब्यात भरून जगभर विकायची. आमच्या पोराला तो घराच्या भिंतीशी फुकट मिळाला, आणि त्यात रोटाला ही पाणवनस्पती अशी फोफावली की पाहत राहावं.

शेवाळाच्या धास्तीनं त्यानं आणखी एक गोष्ट केली होती. फिल्टरचं तोंड खाली वळवलं होतं, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलू नये आणि मोलाचा वायू उडून जाऊ नये. रात्री मात्र टाकीचे दिवे बंद झाले की एअर पंप आपोआप सुरू व्हायचा आणि पाणी खळखळत राहायचं. रोज रात्रीचा जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तो पंप बाहेर काढायचा. वायू बंद करायला बाटलीला तोटी नव्हती. पंप होता तोवर तिची गरजही पडली नव्हती.

संध्याकाळी ५:३०. साडेबारा तास आधी

टाकीची ही सर्वांत देखणी वेळ. दिव्याखाली वनस्पती इतका ऑक्सिजन बनवतात की पाण्यात तो मावत नाही, आणि पानापानांवर बारीक बुडबुडे धरतात. सुट्टीला आजोळी आलेली पोरं काचेला नाक लावून बसली होती.

हे दृश्य पाहून माणसाची खात्री पटते, की आता टाकी आपली आपण चालेल. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानं १८५० साली नेमका हाच हिशेब मांडला होता. काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवली. माशांनी सोडलेला वायू वनस्पती घेणार, वनस्पतीनं सोडलेला मासे घेणार. पुढं पानं कुजू लागली, शेवाळ धरलं, पाणी गढूळ झालं. तेव्हा त्यानं गोगलगाई सोडल्या आणि गाडी रुळावर आली. आजही पुष्कळ लोक टाकीकडं त्याच नजरेनं बघतात. हिशेब खरा आहे, पण तो उजेडातला आहे.

पोरांनी त्या संध्याकाळी माशांना दोनदा खाऊ घातला. पोट भरलेला मासा उपाशी माशापेक्षा जास्त ऑक्सिजन घेतो, आणि तळाशी उरलेला खाऊ कुजताना वेगळा घेतो. एरवी याचं काही वाटलं नसतं.

संध्याकाळी ७:१०. अकरा तास आधी

पश्चिमेकडून धुळीचा लोट आला. वळवाचं वारं, चार थेंब, एक कडकडाट आणि वीज गेली. मे महिन्यात आमच्याकडं यात नवल काही नाही. घरच्यांनी धूळ येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

टाकीच्या दृष्टीनं त्या एका क्षणात तीन गोष्टी थांबल्या. दिवा गेला, म्हणजे ऑक्सिजन बनणं बंद. फिल्टर थांबला, म्हणजे पाणी फिरणं बंद. आणि रात्री आपोआप सुरू होणारा एअर पंप आता सुरू होणार नव्हता. चौथी गोष्ट तेवढी थांबली नाही. यीस्टला वीज लागत नाही. दोन्ही बाटल्या तशाच बुडबुडत राहिल्या.

या रात्रीचं सगळं मूळ इथं आहे. टाकीत ऑक्सिजन आणणारं जे जे काही होतं ते विजेवर चालत होतं, आणि कार्बन डायऑक्साइड आणणारं जे होतं त्याला विजेची गरज नव्हती. घरात इन्व्हर्टर होता. पंखे आणि दोन ट्यूबलाइट त्यावर होत्या. टाकीचा बोर्ड दुसऱ्या लाइनवर होता, कारण वायरिंग झालं तेव्हा घरात टाकीच नव्हती.

रात्री ८:३०. साडेनऊ तास आधी

जेवणं झाली. पुतण्यानं बॅटरी मारून पाहिलं. मासे मजेत होते. हाताच्या बोटाएवढे ब्लॅक विडो टेट्रा मधल्या पाण्यात, चेरी बार्ब झाडीत, गप्पी वरच्या थरात, कोरीडोरास तळाशी वाळू हुंगत. ते पाहून तो निर्धास्त झाला, आणि कुणीही झाला असता. संकटाच्या पहिल्या तासांत पाण्यात दिसण्यासारखं काही नसतं.

बदललं होतं ते झाडीत. वनस्पती रात्रीही श्वास घेतात, आणि दिवसा जे देतात तेच रात्री परत घेऊ लागतात. यान इंगेनहाउझ या डच वैद्यानं १७७९ साली हे प्रयोगानं दाखवून दिलं: उजेडात हिरवं पान हवा सुधारतं, अंधारात बिघडवतं. झाडी जितकी दाट, तितकी रात्रीची ओढ मोठी. आमच्या टाकीत हाताचं बोट शिरणार नाही इतकी दाट होती. तिच्या जोडीला मासे, वाळूतले जीवाणू आणि तो उरलेला खाऊ. सगळे मिळून तासाला लिटरमागं अर्धा मिलिग्रॅम ऑक्सिजन घेत होते असं धरलं, तर सातातला अर्धा मध्यरात्रीनंतर दोनेक तासांत संपणार होता.

रात्री ९:३०. साडेआठ तास आधी

उकाडा सोसवेना म्हणून सगळे अंथरुणं घेऊन माळवदावर गेले. टाकीची खोली बंद.

रात्री ११. सात तास आधी

टाकीच्या काचेला आतून एक छोटा काचेचा फुगा चिकटवलेला असतो, ड्रॉप चेकर. त्यातलं निळं द्रावण कार्बन डायऑक्साइड वाढला की रंग बदलतं. निळं म्हणजे वायू कमी. हिरवं म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास, वनस्पतींना हवा तितका. पिवळं म्हणजे माशांना धोका. दुपारी ते हिरवं होतं. अकराच्या सुमाराला पिवळं झालं असणार. पाहायला कुणी नव्हतं.

पृष्ठभागाला हवा लागत होतीच की, मग ऑक्सिजन आत का शिरला नाही, असं विचारलं जातं. शिरत होता, पण मुंगीच्या पावलानं. हलणाऱ्या पाण्यात हवा खालपर्यंत ढवळली जाते. स्थिर पाण्यात ऑक्सिजनला नुसता पाझरत एक सेंटिमीटर खाली उतरायला काही तास लागतात. टाकीची खोली होती पंचेचाळीस सेंटिमीटर. वर खाऊच्या तेलाचा पातळ तवंगही धरला होता.

मोठ्या पाण्याचीही हीच गत होते. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. पिंडांचं आणि नैवेद्याचं अन्न पाण्यात पडतं, ते कुजवताना जीवाणू ऑक्सिजन ओढून घेतात, आणि चारी बाजूंनी पायऱ्यांनी बांधलेल्या त्या कुंडात तो पुन्हा भरून यायला वेळ लागतो. बेंगळुरूच्या हलसूर तलावात मार्च २०१६ मध्ये हजारो मासे तरंगले. तिथं सांडपाणी होतं आणि उन्हाळा होता. आमच्या भागात शेततळ्यात मासे धरणाऱ्याला विचारा, मासे कधी मरतात? तो पहाट सांगेल. रात्रभर ओढलेला ऑक्सिजन सूर्य उगवण्याच्या आधी तळाला पोचलेला असतो, आणि पाण्यावर हिरवा रंग जितका गडद तितकी ती पहाट धोक्याची.

रात्री १:३०. साडेचार तास आधी

बंद खोलीत अजूनही ३६-३७ अंश. यीस्टच्या अगदी मनाजोगं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठच्या पुढं गेला असावा, ऑक्सिजन चारच्या खाली.

यातली एकेकटी अडचण माशांनी कदाचित निभावली असती. दोन्ही एकदम आल्या म्हणून निभावलं नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त आम्लधर्मी होतं आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सुटते. ख्रिस्तियन बोर या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये हा परिणाम दाखवला. पाण्यातच कार्बन डायऑक्साइड साचला की कल्ल्यांतून तो बाहेर टाकता येत नाही, आणि थोडाफार ऑक्सिजन समोर असूनही रक्त तो उचलत नाही. त्यानंतर मासा सुस्तावतो. भुलीच्या औषधासारखा गुंगवतो हा वायू. म्हणून अशा रात्री टाकीत धडपड फार ऐकू येत नाही.

पहाटे ३:३०. अडीच तास आधी

आता ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही तो भाग. टाकीखालच्या कपाटात डब्याचा फिल्टर, कॅनिस्टर. आत स्पंजावर आणि सच्छिद्र दगडांवर कोट्यवधी जीवाणू. माशांनी सोडलेला विषारी अमोनिया हेच जीवाणू नायट्रेटपर्यंत नेऊन सोडतात, आणि त्या कामाला त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. वाहतं पाणी थांबलं की बंद डब्यातला ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो. आठ तास झाले होते. ते जीवाणू मरगळले आणि ऑक्सिजनशिवाय कुजवणारे दुसरे जागे झाले. त्यांच्या कामातून निघणाऱ्या वायूला सडक्या अंड्याचा वास असतो, आणि माशांना तो अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरतो.

डबा बंद होता. बाहेर वास नाही, आवाज नाही.

पहाटे ४:४५. सव्वा तास आधी

पुतण्या पाणी प्यायला खाली आला, जाता जाता टाकीवर बॅटरी मारली आणि जिन्यातून ओरडला, "काका, मासे वर यायलेत!"

मी धावलो. सगळे गप्पी पाण्याच्या वरच्या कातडीला तोंड लावून ओळीनं उभे. टेट्रांचा काळा रंग राखाडी झालेला, अंग तिरकं, कल्ले फडफडत होते. सात-आठ तळाला आडवे. चेरी बार्ब झाडीत अडकून राहिलेले, त्यांना वर यायचं त्राणच नव्हतं. फिल्टरच्या नळीवरून कोळंब्या पाण्याबाहेर चढल्या होत्या, एकीमागं एक. गोगलगाई काचेच्या अगदी कडेला. हनी गौरामीचं जोडपं तेवढं शांत. वर यायचं, हवेचा घोट घ्यायचा, खाली जायचं.

पोरगं डगमगलं नाही. आधी त्यानं बाटल्यांच्या नळ्या पाण्याबाहेर ओढल्या. मग तांब्या घेतला, टाकीतलं पाणी भरायचा आणि हातभर उंचीवरून परत टाकीत सोडायचा. एकसारखं. थकला की मी, मी थकलो की वहिनी. धार उंचावरून पडली की दोन्ही कामं साधतात, ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. वीज नसताना याच्याइतका चांगला इलाज नाही. वरच्या सिंटेक्समध्ये होतं तेवढं बोअरचं पाणीही बादलीनं आणून घातलं. मोटार बंद असल्यानं जास्त नव्हतं. अर्ध्या तासानं टेट्रा सरळ पोहू लागले. आडव्या पडलेल्यांपैकी तिघे उठले. गप्पी वरून हलले. आम्हाला वाटलं, वाचलं.

पहाटे ५:२०. चाळीस मिनिटं आधी

वीज आली.

आम्हाला हायसं वाटलं. एअर पंप घरघरला, आणि त्याच वेळी फिल्टरही. नळीतून पहिल्यांदा आलं ते तपकिरी, जवळजवळ काळं पाणी, आणि खोलीत सडक्या अंड्याचा वास पसरला. दहा तास डब्यात कुजलेलं सगळं पाणी एका मिनिटाच्या आत टाकीत उतरलं. पुतण्यानं प्लग ओढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सकाळी ६

टेट्रा सगळे गेले. चेरी बार्ब सगळे. कोळंब्या नळीवर होत्या त्यातल्या काही राहिल्या.

गौरामी वाचले, कारण त्यांच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारा अवयव असतो. कोरीडोरास निम्मे वाचले; ते हवा गिळून आतड्यातून ऑक्सिजन घेऊ शकतात. गप्पी थोडे वाचले, कारण वर वळलेल्या तोंडामुळं त्यांना पाण्याचा तो केसाएवढा वरचा, ऑक्सिजन असलेला थर ओढता येतो. आपल्याकडचे मरळ आणि मांगूर उन्हाळ्यात चिखलात तग धरतात ते हवेतून श्वास घेण्याच्या बळावरच. बाकीच्यांना पाण्यात असेल तेवढ्यावरच जगायचं असतं.

मेलेले मासे लगेच काढले, पाणी निम्मं बदललं. हे लगेच करावंच लागतं. पंप सुरू झाला की कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं निघून जातो, पाण्याची आम्लता उतरते, आणि आतापर्यंत निरुपद्रवी रूपात असलेला अमोनिया विषारी रूपात येतो. ज्यांनी रात्र काढली ते दुपारी दगावतात ते यामुळं. वनस्पतींना मात्र काही झालं नव्हतं. दिवा लागल्यावर तासाभरात पानांवर पुन्हा बुडबुडे धरले. पुढच्या आठवड्यात अमोनियावर पोसलेलं हिरवं पाणी झालं, इतकं की पलीकडची काच दिसेना. ज्या शेवाळाला लांब ठेवण्यासाठी सगळी मांडणी केली होती, ते शेवटी आलंच.

पुतण्यानं टाकी मोडली नाही. फिल्टर धुऊन, जीवाणू पुन्हा वसवून, दीड-दोन महिन्यांनी त्यानं मासे आणले. बाटल्या अजून त्याच आहेत. माझं मत विचाराल तर ज्या गावात वीज अशी जाते तिथं तोटी नसलेली बाटली टाकीला जोडूच नये. जोडायचीच असेल तर दिवा बंद होताना नळी हातानं बाहेर काढावी, रोज, न चुकता. फिल्टरचं तोंड पृष्ठभाग किंचित थरथरेल इतकं वर ठेवावं. थोडा वायू उडेल तर उडू द्या, साखर स्वस्त आहे. दोन-तीन तासांहून जास्त वीज गेली, तर परत आल्यावर डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नये; आतलं पाणी आधी मोरीत ओतावं, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्यावा, मग लावावा.

आणि छोट्या एअर पंपाला तीन ते पाच वॅट लागतात. घरच्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालूनही बॅटरीला जाणवत नाही. वायरमनला बोलावून टाकीशेजारचा एक पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि हे काम वळवाच्या आधी उरका.